चोळू नका

विज्ञान केंद्रात त्याला सगळे पाटीवाले म्हणत. यंत्रांशेजारी, काचेच्या पेट्यांखाली माहितीच्या ज्या पाट्या लागतात, त्या तो लिहायचा. पाटी उभ्याउभ्या वाचून झाली पाहिजे आणि कडेवर पोर घेतलेल्या बाईलाही कळली पाहिजे, एवढाच नियम. तो नियम त्याच्या बायकोने घालून दिलेला. प्रत्येक पाटी आधी ती मोठ्याने वाचायची आणि अडखळली की म्हणायची, "इथं ठेच लागते." मग तो शब्द जायचाच. वाद घालून उपयोग नसे.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. केंद्रात रक्ताभिसरणाचं नवं दालन उघडायचं होतं. बाकी सगळ्या पाट्या झाल्या, एकच अडली होती. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, तिची.

"पाटीवाले, हे काय लिहिलंय?" दालनाच्या प्रमुख बाईंनी कागद त्याच्यापुढे धरला. "'बाधित अवयवाचे मर्दन टाळणे इष्ट.' मर्दन? पैलवान येणार आहेत का बघायला?"

तो हसला नाही. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांचा आवाज उतरला.

"तुम्हाला जड जात असेल तर मी दुसऱ्या कुणाला सांगते."

"नको. उद्या देतो."

जड जात होतंच, पण बाईंना वाटलं त्या कारणाने नाही.

बायकोचा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं आणि काही दिवसांत पोटरी सुजली, ठणकू लागली. पाय आखडला असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. त्यालाही वाटलं. तिची आई मदतीला येऊन राहिली होती. ती तेल कोमट करून लेकीचा पाय मांडीवर घ्यायची आणि जीव ओतून चोळायची. एका सकाळी लेकीला धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पायातली गाठ सुटून फुप्फुसात अडकली, असं डॉक्टर म्हणाले. सासूने त्यातलं फुप्फुस तेवढं ऐकलं. लेकीची छाती लहानपणापासून नाजूकच होती, अशी तिने मनाची समजूत घातली. त्याने ती मोडली नाही.

सासू त्याच्याकडेच राहिली. "जेवलात?" "जेवलो." याच्या पुढे घरात फारसं बोलणं नसे. पाट्या वाचायचं काम मात्र तिने आपणहून अंगावर घेतलं. बाकी कुणाला वाचायला दिलं की ते म्हणत, छान आहे. नुकती बायको गेलेल्या माणसाच्या लिहिण्याला नावं कोण ठेवणार? सासू ठेवायची. तिच्यामुळेच त्याची नोकरी निभत होती.

त्या संध्याकाळी त्याने कागद पिशवीतून काढलाच नाही.

"आज काय आणलंय?" सासूने विचारलं.

"काही नाही, आई. शिरांचं आहे. कंटाळवाणं."

"कंटाळवाणं आहे की नाही ते मी ठरवीन. आणा इकडे."

तिने चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवत ती वाचू लागली. मर्दनापाशी बोट थांबलं.

"जावईबापू, ही पाटी लोकांना कळावी म्हणून लिहिलीत, की कळू नये म्हणून?"

त्याने कागद परत घ्यायला हात पुढे केला, तिने दिला नाही.

"ती असती तर हा कागद तुमच्याच डोक्यात घातला असता तिने. काय करू नये म्हणताय? तोंडाने सांगा."

"पाय सुजला असेल तर... पण तसं फार क्वचित होतं, आई. शंभर जणांचे पाय सुजले, तर त्यातल्या..."

"मी आकडे विचारले का? काय करू नये?"

दुसरं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पाटी लागणार होती, आणि दालन उघडलं की सासू बघायला येणार होती. एकेक पाटी वाचत फिरणार होती. शिवाय कुणाच्या ना कुणाच्या घरी आजही कुणाचा तरी पाय सुजलेला असणार. त्याने पेन्सिल घेतली, जुना मजकूर खोडला आणि खाली लिहिलं. कागद तिच्याकडे सरकवला.

"पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, तर चोळू नका," सासूने वाचलं. "आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लगेच डॉक्टरांकडे जा."

कुठेही ठेच लागली नाही. तिने परत वाचलं, या वेळी मनात. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि शेवटी कागदावरच राहिलं.

"कशाने सुटली ते कुणीच सांगू शकत नाही," तो घाईघाईने म्हणाला. "नुसतं चालतानाही सुटते. झोपेतही सुटते. डॉक्टरांनासुद्धा..."

"हे पाटीवर आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?" तिने चष्मा काढला. "'चोळू नका' तेवढं मोठ्या अक्षरात घ्या. चोळतात ती म्हातारी माणसं. त्यांना बारीक दिसत नाही."

"आई..."

"धाकटीला फोन लावा."

धाकटी म्हणजे तिची दुसरी मुलगी. तिला सातवा महिना होता आणि पुढच्या आठवड्यात सासू तिच्याकडे राहायला जायची होती. बॅगही भरून झाली होती. त्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"पायांना सूज आहे का गं?" सासूने विचारलं.

"ए, तू भविष्य बघायला लागलीस की काय? डाव्याला आहे, कालपासून. दुखतोय पण मेला. तू आलीस की दे चोळून."

"मी येत नाही."

"काय?"

"डॉक्टरांना दाखव. पायाला कुणाला हात लावू देऊ नकोस. मला तर मुळीच नाही."

"आई, असं काय बोलतेस? तू नाही आलीस तर माझं कोण करणार?"

सासूने फोन त्याच्या हातात दिला आणि ती आतल्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला, मग कडीचा.

"हॅलो? आई?"

"मी बोलतोय."

"भाऊजी, काय झालं तिला? काय सांगितलंत तुम्ही तिला?"

कागद टेबलावर तसाच पडला होता.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा," तो म्हणाला. "डावा पाय दाखव."

"जाते, पण आईचं काय? सांगा ना. भाऊजी?"

त्याने कागद जवळ ओढला. पुढचं त्याला सांगता येईना.