चार मिलिमीटर

आबांचा ड्रॉइंग बोर्ड ज्या सॉफ्टवेअरमुळे सुटला, ते मी निवडलं. निवड चुकीची नव्हती. आजही कुणी विचारलं तर मी त्याच सॉफ्टवेअरचं नाव सांगेन.

आबा, म्हणजे माझे वडील भानुदास, बारामतीच्या एमआयडीसीत मोहनरावांच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. आम्ही मूळचे बावड्याचे, राहायला इंदापुरात. तिथून ते रोज एसटीने बारामतीला जात. वर्कशॉपमध्ये कडबाकुट्टीची यंत्रं तयार व्हायची. कास्टिंग बाहेरून येई, गिअर बाहेर कापले जात, जोडणी आत. हे सगळं एकमेकांत बसायचं ते आबांच्या एकतीस कागदांवर.

१९९८ साली मोहनरावांनी दोन गाई असलेल्या घरासाठी छोटं, मोटरवरचं यंत्र काढायला घेतलं. पहिल्या दोन्ही नमुन्यांत पातं कव्हरला घासलं. ओतकामाचे लाकडी पॅटर्न मोडून पुन्हा करावे लागले. तेव्हा कम्प्युटरचा विषय निघाला. मी डिप्लोमा करून पुण्यातल्या एका कंपनीच्या डिझाइन विभागात दोन वर्षं काम करत होते.

"भानुदासराव, घरची पोर त्यातली असताना मी परक्याला कशाला विचारू?" मोहनराव म्हणाले. "अंजली सांगेल ते घ्यायचं."

आबांनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचाच होता, पण आईला त्यांनी ते दोनदा सांगितलं.

निवड दोनांतून होती. एक सपाट रेघांचं. बोर्डावर काढतो तेच पडद्यावर काढायचं, खोडायला सोपं. दुसरं नवीन होतं. त्यात एकेक भाग घन आकारात उभा करून एकमेकांत जोडता येई. दोन भाग एकाच जागेत घुसले की ती जागा लाल दिसे. पातं कव्हरला घासणार हे ओतकामाआधीच कळलं असतं.

"सपाट घे," आबा एसटीत म्हणाले.

"का?"

"कागदासारखं हाय. मला जमंल."

"दुसरंपण जमेल. मी शिकवते."

"तू शिकवशील गं. पण सपाट घे."

वयाने माणूस नव्याला बिचकतो, असं मी धरून चालले. यापलीकडे विचार केला नाही.

पुण्याहून विक्रेता कम्प्युटर घेऊन आला तेव्हा मला त्याच्या तयार नमुन्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. सॉफ्टवेअर तपासायचं तर बिनचूक ड्रॉइंग देऊन तपासावं. बिनचूक म्हटल्यावर मला एकच माणूस माहीत होता. आबा बाहेर मशीनशॉपमध्ये होते. मी त्यांच्या रॅकमधून मोठ्या कडबाकुट्टीच्या गिअरबॉक्सचा कागद काढला. त्यांना विचारलं नाही. पडद्यावर त्यांचं काम फिरताना त्यांनी अचानक पाहावं, अशी माझी इच्छा होती.

विक्रेता मापं टाकत गेला. दोन शाफ्ट उभे राहिले, त्यांवर गिअर आले. मोहनरावांनी खुर्ची पुढे ओढली. मी फिटर सावळारामकाकांना सांगून आबांना बोलावून घेतलं. दोघं दारात येऊन उभे राहिले तेव्हाच पडदा बदलला. जिथे दाते एकमेकांत बसायला हवे होते, तिथे लाल पट्टा आला.

"सर, हे दोन्ही गिअर एकमेकांत घुसलेत," विक्रेता म्हणाला. "असं मशीन फिरणार नाही."

"बावीस वर्षं फिरतंय की," मोहनराव हसले. "तुमचंच काहीतरी फिरलंय."

त्याने पुन्हा तपासलं. मीही तपासलं. कागदावर दोन शाफ्टमधलं अंतर एकशे बारा होतं. दात्यांच्या हिशेबाने ते एकशे सोळा हवं होतं.

"मालक, ते तसं न्हाय..." सावळारामकाका बोलायला लागले.

"सावळाराम, गप." आबा आत आले. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. "चूक माझी हाय. लिहिताना चुकलं. चार मिलिमीटर."

"बावीस वर्षं?"

"व्हय."

"मग मशीन कसं चालतंय?"

"भोकं कागद बघून न्हाय, जिगच्या साच्यातनं पाडत्यात. जिग बरोबर हाय. कागद चुकीचा हाय."

मोहनराव आबांकडे न बघता मला म्हणाले, "बाकीचे कागदपण तपास. सगळे. आणि कुठलं घ्यायचं ते मला लिहून दे. भानुदास, तू जा आता."

इतकी वर्षं ते भानुदासराव म्हणत आले होते.

विक्रेत्याने कम्प्युटर आठवडाभर ठेवला. मी रजा वाढवली. दुसऱ्या कागदात एक माप चुकलेलं निघालं. तिसऱ्यात एक. चौथा हातात घेतला तेव्हा तिथेही एकच निघणार हे मला कळलं होतं, आणि तसंच झालं. चुका अशा मोजून-मापून होत नाहीत.

संध्याकाळी बारामतीच्या स्टँडवर मी त्यांना विचारलं.

"मुद्दाम केलंत?"

ते गाडीच्या दिशेने बघत राहिले. "ह्याच्या आदी एका ठिकाणी हुतो. तुझा जन्म व्हायचा हुता. तितं सगळी ड्रॉइंग पुरी करून दिली. पुरी झाली तवा मालकाला माझं आडनाव आठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा भाचा माझ्या बोर्डावर बसलेला. माझेच कागद छापत हुता."

"म्हणून इथे प्रत्येक कागदात एक माप खोटं."

"खरं माप जिगमदी, न्हायतर सावळारामच्या कानात. तिसऱ्या कुणाला न्हाय. म्हनून तर रोज सकाळी ह्यांना मी लागत हुतो."

"नक्कल होऊ नये म्हणून केलं, असं सांगायचं होतंत. कागद बाहेर जातात. मोहनरावांना पटलं असतं."

"मग ते इचारणार, मला का न्हाय सांगितलं."

गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागले. आबा हलले नाहीत.

"चुकणारा म्हनू दे," ते म्हणाले. "चुकणाऱ्याला लोक हसत्यात. आपल्यातला माणूस मालकाला फसवत हुता म्हटल्यावर काय म्हनतील, ते तुला सांगायला नको. तू बोलायचं न्हाय, अंजू. कुणापाशीच."

मी कबूल केलं. मनात मात्र रागच होता. ज्या कागदांवर मी आकडे वाचायला शिकले, ते खोटे होते, एवढंच मला तेव्हा दिसत होतं. सपाट सॉफ्टवेअरची शिफारस अजूनही करता आली असती. ते भाग तपासत नाही. छोट्या यंत्राचे नवीन कागद आबांनीच काढले असते, त्यांच्या पद्धतीने, आणि मोहनरावांना ते लागत राहिले असते. मी दोन पानी टिपण लिहिलं. कारणं सगळी खरी होती. शेवटी दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव लिहून सही केली.

पुढच्या आठ दिवसांत आबांनी मला एकतीस खरी मापं सांगितली. एकदाही कागदात पाहिलं नाही. मी टाइप करत गेले. पडद्यावरचे लाल पट्टे एकेक करून गेले.

पावसाळ्यानंतर वर्कशॉपमध्ये दोन डिप्लोमावाले आले. छोटं यंत्र पहिल्याच ओतकामात जमलं. आबांना फाटकाजवळचं टेबल मिळालं, गेटपास लिहायला. मी एकदा तिथे गेले होते. पासवर गाडीचा नंबर, मालाचं नाव, वेळ. अक्षर ड्रॉइंगवरचंच, सरळ आणि सुटं. ड्रायव्हर तो पास न वाचताच घडी करून खिशात घालत होते.

चौदा महिन्यांनी, कामावरून परतताना, इंदापूरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या ते बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बावड्याच्या विहारात झाला. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मोहनराव बोलायला उठले. ते मनापासून बोलले, याबद्दल मला शंका नाही.

"माणूस लाखाचा," ते म्हणाले. "चुका झाल्या त्याच्याकडून. एकतीस कागद, एकतीस चुका. नजर गेली असंल, वय झालं असंल. पण त्यानं कधी कारण सांगितलं नाही. चूक माझी हाय, म्हणाला. आज असं म्हणणारा माणूस दाखवा."

लोकांनी माना हलवल्या. आई खाली बघत होती. यानंतर घरच्यांतर्फे मी बोलायचं ठरलं होतं. मी उठले, आल्याबद्दल सर्वांचे आभार मानले, जयभीम म्हटलं आणि बसले.

बाहेर सावळारामकाका चपला शोधत होते.

"तू बोलायला पायजे हुतंस, पोरी."

"काय बोलू? मालकांवर भरवसा नव्हता म्हणून?"

"नव्हताच की. आन् बरोबर हुतं त्याचं. गेलाच का न्हाय बोर्ड?"

"तो मी घालवला, काका."

त्यांनी एक चप्पल पायात सरकवली. "त्या कागदांच्या कोपऱ्यात भानुदासचं नाव असायचं. आता कम्प्युटरमदी कुणाचं हाय?"

ज्याने फाइल तयार केली त्याचं नाव ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत घालायचं, अशी पद्धत आहे. तेव्हा मी हातासरशी लिहून टाकलं होतं.

"माझं," मी म्हटलं. "एकतीसच्या एकतीस."

ते दुसरी चप्पल शोधत राहिले. ती माझ्या पायाजवळच होती. मी वाकून त्यांच्यापुढे ठेवली.