दोन हद्दींमधलं हरीण

डोंगरउतारावरचं ते मोठं उद्यान दोन नगरपालिका मिळून चालवत. फीत कापायची असली की दोन्हीकडचे लोक पुढे. नळ फुटला की हद्द नेमकी कुठून जाते याचा खल सुरू. उद्यानाची अधिकारी असलेली थोरली या टोलवाटोलवीला सरावली होती. घरात भावंडं दोनच, ही आणि जनावरांचा डॉक्टर झालेला धाकटा. आई गेल्यापासून तो दर रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा.

त्या वर्षी दोन्ही पालिकांच्या समितीनं उद्यानातलं हरणांचं कुंपण बंद करायचं ठरवलं. चारा, औषधपाणी, राखणदार, यातलं काहीच कुणाला आपल्या अंगावर नको होतं. तरणी हरणं एका अभयारण्यानं नेली. मागे राहिला एक म्हातारा नर. एका डोळ्यात फूल पडलेलं, मागचा पाय ओढत चालायचा. मुलं त्याला आजोबा म्हणायची. अभयारण्यानं त्याला नाकारलं. शेजारच्या पालिकेचा प्राण्यांचा निवारा होता, तिथल्या साहेबाला थोरलीनं गळ घातली. तो "बघतो" म्हणाला आणि मग फोनच उचलेना.

"मॅडम, किती ताटकळायचं?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "तिथं पार्किंग करायचंय. सुटू दे बिचारा एकदाचा."

रविवारी तिनं धाकट्यापुढे विषय काढला. त्याचा घास हातातच राहिला.

"ताई, मी नाही करणार. म्हातारा आहे, मरायला टेकलेला नाही. चरतो, हाकेला येतो. त्याला मी कुठल्या तोंडानं सुई टोचू?"

"तू नाही म्हणालास तर कुणा कंत्राटदाराला सांगतील. तो कसं करेल, देव जाणे."

धाकटा उठला, मोरीपाशी बराच वेळ हात धूत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला.

उद्यान उघडण्याआधी एका सकाळी थोरली, धाकटा आणि राखणदार कुंपणात शिरले. राखणदाराला सगळे मामा म्हणत. मामांनी हाक मारली तसा आजोबा झाडाआडून लंगडत आला आणि त्यांच्या खिशाला नाक लावून उभा राहिला. मामांनी त्याची मान कुशीत धरली. धाकट्यानं सुई टोचली. आधी पुढचे गुडघे दुमडले, मग सगळं अंगच खाली बसलं. कान मात्र थोडा वेळ हलत होता.

"मी हाक मारली म्हणून आला हो तो," मामा म्हणाले. धाकटा बॅग उचलून मागे न बघता चालता झाला.

पुढच्याच आठवड्यात निवाऱ्याच्या साहेबाचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "मॅडम, तुमचं म्हातारं हरीण द्या पाठवून. जागा झालीय बघा!"

"ते गेलं," ती म्हणाली.

"अरेरे. वयच झालं असणार."

"हो."

हे पोटात ठेवायचं असं तिनं ठरवलं होतं. पण रविवारी धाकट्याला वाढताना तिला राहवलं नाही. सगळं ऐकून तो ताटाकडे बघत बसला.

"हे मला कशाला सांगितलंस?"

"एकटीला पेलेना रे."

"मग आता मीही वाहतो. झालं तुझं समाधान?"

आवाज चढला नव्हता. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं पान संपवलं, ताट उचलून ठेवलं आणि निघाला. पुढच्या रविवारी त्याला काम निघालं. त्याच्या पुढच्याही.

शेवटी तीच त्याच्या घरी गेली. त्यानं दार उघडलं, "ये" म्हणाला, चहा टाकला. टीव्हीवर कुठल्या तरी सामन्याचं जुनंच प्रक्षेपण चालू होतं. दोघं ते बघत राहिले. मध्ये एकदा तिनं "अरे..." म्हणून तोंड उघडलं, तर त्यानं आवाज थोडा वाढवला.

निघताना तो दारापर्यंत आला. "सावकाश जा," म्हणाला.

जिना उतरून ती गाडीत बसली. वर त्याच्या खिडकीतला दिवा मालवला गेला. किल्ली तिच्या हातातच होती, पण गाडी सुरू करायला हात वळेना.