माझ्यातला हिरवा मणी

मित्रांनो, मी मेंदूचा एक जुना, प्लास्टरचा नमुना आहे. पंचवटीतल्या रंगनाथने १९९३ साली मला घडवलं. एरवी तो गणपती करायचा. "बाई, सोंडेपेक्षा ह्याच्या वळ्या अवघड," असं तो मला घेऊन जायला आलेल्या डॉक्टर सरिताबाईंना म्हणाला होता.

माझ्या तळाशी हाडाची एक खोलगट बैठक आहे. तीत हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसते. तिच्या वर डोळ्यांच्या नसांची फुली, म्हणून रंगनाथने दोन पिवळ्या तारा लावल्या. दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्यांच्या तांबड्या नळ्या. एवढ्याशा जागेत केवढी दाटी!

मी बाईंच्या रुग्णालयातल्या टेबलावर राहू लागलो. त्यांच्याकडे शिकणारे विद्यार्थी मला उघडत, मिटवत, आणि त्या गडबडीत एकदा ती इवलीशी ग्रंथीच कुठे हरवली.

आणि नेमकी तेव्हाच दिंडोरीहून कुसाबाई आली. सोबत तिचा नवरा, झुंबर. ती द्राक्षांची विरळणी करायची, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढायची. गेले काही महिने तिला दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं होतं.

"खांबाला धडकती. म्या म्हणायचो, डोळे हायत का बटनं?" झुंबर खाली मान घालून म्हणाला.

कुसाबाईने पिशवीतून एक घड काढला. "ह्यो बिघडवला म्हणून टोळीतनं काढलं मला. कडंचं दिसतच नव्हतं, बाई."

बाईंनी तिच्या डोक्याच्या तपासणीचे फोटो पाहिले आणि त्याच घडातला एक बारका मणी तोडून माझ्या रिकाम्या बैठकीत ठेवला. "ही ग्रंथी. आणि ही तुमची गाठ." त्यांनी तो काढून तिथे मोठा मणी दाबून बसवला. माझ्या पिवळ्या तारा ताणून वर उचलल्या गेल्या. "नाकातून जाऊन गाठ काढायची. पण बाजूला ह्या रक्तवाहिन्या आहेत. धोका आहे, मी लपवणार नाही. नाही काढली तर मात्र उरलेली नजरही जाईल."

झुंबरचा चेहरा उतरला. कुसाबाई मात्र माझ्याकडे एकटक बघत होती.

"म्हंजे विरळणीच की! शेजारच्याला धक्का नाय लागला पायजे. कात्री कुणाच्या हातात?"

"माझ्या."

"मग हात दाखवा."

बाईंनी हात पुढे केले. तिने बोटं निरखली. एकही बोट थरथरत नव्हतं. "लय बारीक बोटं. आमच्या टोळीत घेतली असती तुमाला."

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. बाईंसमोर बसली आणि मान न वळवता म्हणाली, "मेंदू आज कडंच्या खिडकीत ठेवलाय व्हय?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. जाताना कुसाबाईने गळ्यातल्या माळेतला एक हिरवा मणी काढून माझ्या बैठकीत चिकटवला. "आता हरवू नका," म्हणाली.

पुढे संगणकाच्या पडद्यावर फिरणारे मेंदू आले आणि मी कपाटावर गेलो. माझ्या वळ्यांत धूळ साचली आहे, पण मणी जागेवर आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. मात्र कुणी येताजाता धडकू लागलं, तर हसू नका, रागावू नका. हळूच विचारा, "तुम्हाला कडेचं दिसतं ना?"