अडीअडचणीचं कपाट

तिने मसुराची पिशवी दातांनी फाडली आणि बरणीत ओतायला लागली. डाळ सरसर उतरत गेली, गळ्याशी आली, तरी तिचा हात थांबेना. काठोकाठ भरल्यावरच तिने झाकण दाबून बसवलं आणि पुढची बरणी ओढली.

सासूबाई यायला अजून तास होता. त्या मुलांना गाणं शिकवायच्या आणि सून चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायची. संध्याकाळी दोघींपैकी एकीच्याही अंगात त्राण नसे. त्यामुळे या घरात जेवणाचा बेत असा कधी ठरलाच नाही. स्वयंपाकघरात एक उंच कपाट होतं, त्याला सासूबाई अडीअडचणीचं कपाट म्हणायच्या. जी आधी घरी येईल तिने डोळे मिटायचे, कपाटात हात घालायचा, हाताला येतील त्या दोन बरण्या काढायच्या आणि वीस मिनिटांत त्यातून जेवण उभं करायचं. कधी तांदूळ आणि वाटाणे, कधी शेवया आणि वाळवलेले टोमॅटो. एकदा साखर आणि मिरे आले होते. त्या दिवशी हसून हसूनच पोट भरलं.

सासूबाईंचा मुलगा दुसऱ्याच संसारात रमला त्याला सहा वर्षं झाली. तो गेला, सून राहिली. लोकांनी नाकं मुरडली. त्यांची नाकं, त्यांनी मुरडावीत!

पण आता सूनही निघाली होती. दूरच्या शहरात, मोठ्या कारखान्यात दुर्बिणींच्या काचांचं काम मिळालं होतं. महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं. पंधरा दिवस झाले, सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. सांगता येईना म्हणून ती भरत सुटली होती. आपल्यामागे त्यांना निदान सहा महिने काही आणावं लागू नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि नेमकं तिथेच काहीतरी बिनसलं होतं. सोमवारी भरलेली बरणी बुधवारी अर्धी. दोघींच्या खाण्यात इतकं संपणं शक्यच नव्हतं. आई कुणाला देऊन टाकतायत? की त्यांना विसर पडायला लागलाय, भलतीकडेच ओतून ठेवतायत? तसं असेल तर त्यांना एकटं टाकून जायचं कुठल्या तोंडाने? दुकानात हा विचार आला की घासायची काच तशीच हातात राहायची.

खिडकीबाहेर धुकं उतरलं होतं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्यातून पाझरत कपाटात शिरला आणि बरण्यांमधले तांबडे, हिरवे, पिवळे थर पाण्याखाली असल्यासारखे हलकेच लुकलुकायला लागले. ती बघत उभी राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. आपण या घरात आहोत की हे घर आपल्याला कुठूनतरी दूरवरून आठवतंय, हेच तिला कळेना.

"काय गं, समाधी लागली की काय?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. गळ्याला मफलर, आवाज पार बसलेला.

"आई, एक विचारू? रागवायचं नाही."

"आधी विचार, मग ठरवू."

"मी भरलेलं सगळं जातं कुठे?"

सासूबाईंनी मफलर सोडला, नीट घडी घातली आणि आपल्या खोलीत गेल्या. खाटेखालून एक खोकं ओढत बाहेर आणलं. आत डाळ-तांदूळ भरलेल्या मुठीएवढ्या बरण्या होत्या, चौदा-पंधरा तरी, एकेक फडक्यात गुंडाळलेली. मधल्या फटींत जुन्या गाण्याच्या वह्यांचे कागद कोंबले होते.

"काचेच्या आहेत, सामानात वर ठेव," त्या म्हणाल्या. "नव्या जागी पहिले आठ दिवस दुकानं सापडत नाहीत. दमून येशील आणि उपाशी झोपशील. ओळखते ना मी तुला!"

सुनेला आधी हसू आलं, मग रडूच फुटलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इतकी वर्षं बरणीत चार बोटं जागा सोडायचीस. हात जायला हवा म्हणून उलट मलाच दटावायचीस. आणि अचानक काठोकाठ भरायला लागलीस. म्हटलं, चालली ही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कुठे बोललीस?"

"मला भीती वाटली, तुम्ही थांबवाल म्हणून."

"मलाही तीच भीती होती," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तोंड उघडलं नाही."

मग सासूबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला.

"नव्या जागी शेगडी आहे ना?"

"आहे. पण बर्नर एकच."

"मग आज एकावरच कर. मी इथे बसते. मध्ये मध्ये बोलणार नाही."

हाताला तांदूळ आणि मसूर आले. सासूबाई मध्ये सात वेळा बोलल्या. पातेलं खाली उतरलं तेव्हा त्यांनी झाकण उचलून वाफेत डोकावून पाहिलं.

"हे तर दोघींचं झालं. एकटीचं माप शिकायला हवं आता."

"कुणी?" सुनेने विचारलं.

सासूबाईंनी डाव हातात घेतला आणि दोन्ही ताटांत सारखंच वाढलं.