कोन गाळलेलं गणित

राजारामपुरीत संघप्रिया मॅडमच्या क्लासवर डिप्लोमाची पोरं का तुटून पडत, यात गुपित काही नव्हतं. दोन ट्रान्सफॉर्मर एकत्र जोडायचं गणित संमिश्र संख्यांनी सोडवायचं, तर प्रत्येक व्होल्टेजला आकडाही लागतो आणि कोनही. परीक्षेत मात्र कोन नेहमी सारखेच येत. मग मॅडम सांगत, "कोन गाळा, नुसते आकडे वजा करा." पोरं धडाधड पास होत. विद्या गेली खड्ड्यात, मार्क पडल्याशी मतलब!

असाच पास झालेला पृथ्वीराज उचगावजवळच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर झाला. मॅडमचे वडील आकाराम तिथेच वायरमन. लेकीचा विद्यार्थी आपला साहेब, याचं त्यांना कोण कौतुक!

एका सकाळी भाकरी खाता खाता ते म्हणाले, "आज नवा ट्रान्सफॉर्मर जुन्याला जोडायचा हाय. दोन्हींवरच्या पत्र्याच्या पाटीतला एक आकडा जुळत न्हाय, पण साहेब म्हनले, दोन्हीकडं चारशे तेहतीस व्होल्ट, वजा केलं की शून्य. तुझंच गणित की!"

"हं," संघप्रिया म्हणाली. तिला सकाळची बॅच गाठायची होती.

वर्गात शिवानी नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, कोन वेगळे असले तर?" संघप्रियाने फळ्यावर मांडलं. एकीकडे शून्य अंश, दुसरीकडे तीस. व्होल्टेज दोन्हीकडे तेवढंच, तरी वजाबाकी आली दोनशे चोवीस. ती शून्य नसताना जोडलं, तर भडकाच उडणार. तिला बाबांचं सकाळचं बोलणं आठवलं. पाटीवरचा तो न जुळणारा आकडा कोनाचाच होता. खालच्या पीसीओवरून तिने फाउंड्रीत फोन लावला, तेव्हा स्विच टाकून झाला होता आणि भडका उडून आकाराम भाजले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आशा सोडली होती. दाराशी पृथ्वीराज उभा होता, पांढराफटक पडलेला.

"संघे," आकाराम कसेबसे बोलले, "मीच कायतरी उलटंपालटं जोडलं असंल बग. आजवर हात कवा चुकला न्हवता. गणित बराबर हुतं न्हवं?"

खरं सांगितलं तर त्यांचा हात निर्दोष ठरणार होता, पण लेकीविषयीचा अभिमान मातीत जाणार होता. खरं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ती भ्याली.

"हो बाबा, बरोबर होतं."

"मग ठीक हाय. साहेब, पोरीच्या गणिताला बोल लावू नगासा. चूक माझी हाय."

पृथ्वीराजने मान डोलावली आणि चौकशीला आलेल्या माणसाला तेच सांगायला तो बाहेर गेला. संघप्रियाने त्याला अडवलं नाही.