केंद्र शून्यापासून

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कारखान्यातल्या नोकरीच्या चाचणीत मशीनचा कटर भलत्याच वाटेने निघाला आणि काम पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर आदळून मोडला. साडेबाराला त्याचे दोन तुकडे रुमालात बांधून ती तिला शिकवणाऱ्या निदेशकांच्या टेबलासमोर उभी होती.

वर्गात तिला सगळे टाकेताई म्हणत. बारा वर्षं शिवणकाम केल्यावर चौतिसाव्या वर्षी ती प्रशिक्षण संस्थेत मिलिंग मशीनचे प्रोग्राम लिहायला शिकली, आणि पहिली आली.

"सर, तुमचं नाव घालवलं मी."

"आधी प्रोग्रामचा कागद दाखव."

काम मोठं नव्हतं. लोखंडी ठोकळ्यातलं भोक रुंद करायचं. कटरने गोल फिरत फिरत खाली उतरायचं, चक्री जिन्यासारखं. संस्थेतल्या जुन्या मशीनला हे एका दमात जमत नसे, ते पाव पाव गोल मारत उतरायचं. पण केंद्र सांगावं लागतंच. तिने ऐंशी आणि पन्नास लिहिलं होतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला शून्य धरून तिथून मोजलेलं. निदेशकांनी आकडे दोनदा पडताळले.

"यात तुझी चूक कुठे आहे? त्यांचंच मशीन बिघडलेलं असणार. चल माझ्याबरोबर."

कारखान्याचा फोरमन त्यांच्या पहिल्या तुकडीतला. सर आलेले पाहून तो उठला, खुर्ची फडक्याने पुसली, चहा सांगितला. टाकेताई बाहेर फाटकापाशीच थांबली.

"कागद बरोबर आहे," निदेशक बसायच्या आधीच म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनीला तुम्ही उगाच नापास केलंत."

फोरमनने कागद पाहिला. ऐंशी-पन्नासवर त्याचं बोट थांबलं.

"सर, राग मानू नका. आमचं मशीन केंद्र मोजतं ते कटर उभा असेल तिथून. कटर केंद्राच्या पंधरा मिलिमीटर उजवीकडे होता, म्हणजे इथे उणे पंधरा आणि शून्य हवं होतं. ऐंशी-पन्नास दिलं की त्याला केंद्र ठोकळ्याच्या बाहेर दिसतं. मग ते भलामोठा गोल मारायला निघतं."

"म्हणजे तुमचं मशीन वेगळं आहे."

"तुमचं वेगळं आहे, सर. आसपासच्या सगळ्या कारखान्यांत असंच मोजतात."

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या महिन्यापासून. मीही एक कटर मोडला होता." तो जरासा हसला. "तुमच्याकडचं कुणी आलं की आम्ही दोन दिवस त्याला मशीनला हात लावू न देता नुसतं बघायला बसवतो. 'शून्यवाले आले' म्हणतात इथे. प्रेमानंच म्हणतात. आज नेमका मी बाहेर होतो आणि धाकट्या मालकांनी स्वतः चाचणी घेतली."

"अठरा वर्षांत एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार, सर?"

चहावर साय धरली. निदेशकांना आठवलं, सांगितलं होतं एकाने. तिसऱ्या की चौथ्या तुकडीतला मुलगा पुस्तक घेऊन उभा राहिला होता : सर, यात वेगळं दिलंय. "मग पुस्तकालाच मशीनवर उभं कर," ते म्हणाले होते. वर्ग खो खो हसला होता. तो मुलगा पुन्हा कधी उभा राहिला नाही.

फाटकापाशी तिने विचारलं, "काय म्हणाले, सर?"

"बघू म्हणाले."

"माझंच डोकं कमी पडतं. सासूबाई म्हणत होत्या, या वयात कशाला नसत्या भानगडी. खरंच होतं त्यांचं."

'चूक माझी आहे' हे वाक्य निदेशकांच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात तिची बस आली. बस आली याचं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज घरी पोचेपर्यंत सोबत राहिली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता निदेशक खरवडायचं पातं घेऊन मशीनच्या वरच्या पाटीसमोर स्टुलावर चढले. 'केंद्र नेहमी शून्यापासून मोजा.' अठरा वर्षांपूर्वी ऑइलपेंटने स्वतःच रंगवलेली अक्षरं. सगळं खरवडून टाकायचं ठरवून आले होते. पण ते मशीन अजूनही तसंच मोजत होतं. पाटी काढली तर उद्या इथे कटर मोडेल. त्यांनी 'नेहमी' तेवढं खरवडलं आणि खाली लिहिलं : फक्त या मशीनवर.

नऊ वाजता त्यांनी वर्गाला सांगितलं, "अठरा वर्षं मी अर्धवट शिकवलं." कुणी हसलं नाही. हसलं असतं तर सोपं गेलं असतं.

कारखान्याला चिठ्ठी पाठवली : चूक माझी आहे, तिची नाही, पुन्हा चाचणी घ्यावी. दुपारी फोरमनचा निरोप आला. चिठ्ठी मालकांच्या टेबलावर ठेवली आहे, त्यांनी अजून वाचलेली नाही.

मग त्यांनी तिला फोन लावला. पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"सर? एक मिनिट हं, एवढी शिवण संपवते. मध्ये सोडली तर टाके वाकडे पडतात."

"संपव," निदेशक म्हणाले.

त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मशीन चालू होतं.