ऐंशी ग्रॅम

वजनाच्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात चार माणसं, दोन वजनकाटे, पाण्याचा एक जग, एक पेला आणि एक वेणी होती. वेणी बहात्तर सेंटीमीटर लांब. ती मी आदल्या रविवारी मोजली होती. ईस्टरच्या पवित्र आठवड्याला पाच आठवडे उरले होते आणि आमच्या चर्चमधल्या नाझरेनोच्या, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या, मूर्तीच्या केसांच्या टोपाला साठपेक्षा आखूड केस चालत नाहीत, म्हणून आईने मोजायला लावली होती.

वेणी माझ्या धाकट्या बहिणीची, कासिल्दाची. माणसांतली बाकीची तिघं म्हणजे आई, कासिल्दाचे बॉक्सिंगचे प्रशिक्षक डॉन चानो आणि मी.

अकरा वर्षांपूर्वी आईची मूत्रपिंडं निकामी होत आली, तेव्हा आम्ही दोघींनी नवस बोलला होता. आई बरी झाली की केस कंबरेपर्यंत वाढवायचे आणि नाझरेनोला द्यायचे. आई बरी झाली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी वेणी प्रयोगशाळेतल्या बर्नरवर पेटली आणि खांद्यापर्यंत कापावी लागली. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई बीन्स ढवळत होती. वळलीही नाही. "असू दे गं ब्रीहिदा," म्हणाली, "कासिल्दा आहे ना."

हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा ऐकलं. डॉन चानोंच्या तालमीत आधी मी जात होते. कासिल्दा माझे बूट घेऊन मागून यायची. डावा फटका खालून वळवून यकृतावर कसा बसवायचा, हे मी तिला आमच्या मागच्या अंगणात मक्याच्या पोत्यावर शिकवलं. मग मी रसायनशास्त्र शिकायला गेले, आणि मी परत येईपर्यंत ती तेवीस लढतींपैकी एकवीस जिंकली होती. टीव्हीवरचे लोक त्या फटक्याला 'कासिल्दाचा फटका' म्हणायला लागले. टॉर्टियांच्या दुकानात मला माझ्या नावाने कोणी हाक मारेना. "चॅम्पियनची बहीण आली, तिला आधी द्या!" आणि गरम टॉर्टिया मिळायच्या. त्या घेऊन मी घरी यायचे.

माझ्याकडे एकच काम उरलं होतं, तिचं वजन. बाबा मक्याचे व्यापारी होते. त्यांचा दांडीचा काटा आमच्या घरी होता, आणि त्यावरचं सरकतं वजन मी वीस-वीस ग्रॅमने हलवायचे. मागच्या वर्षी कासिल्दा तिहुआनात फ्लायवेटचा, म्हणजे पन्नास किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या गटाचा, विजेतेपदाचा पट्टा जिंकली. तिथल्या एका तालमीच्या मालकाने तिला विजेवरचा काटा भेट दिला, आकडे लाल, काच चकचकीत. तो तिने विमानात मांडीवर ठेवून आणला. "आता ताईला कशाला त्रास?" असं म्हणाली आणि बाबांचा काटा कोपऱ्यात गेला. आईने त्यावर कांद्यांची टोपली ठेवली.

तिहुआना समुद्राकाठी, उत्तरेला. आमचं तोलुका अडीच हजार मीटरपेक्षा उंच, दक्षिणेला. इथे पृथ्वीची ओढ किंचित कमी आहे. दांडीचा काटा वजनाशी वजन तोलतो, त्याला कुठेही नेलं तरी फरक पडत नाही. विजेचा काटा ओढच मोजतो, आणि तो तिहुआनाच्या ओढीला लावलेला होता. मी कागदावर हिशेब केला, मग घरी कोणी नसताना मक्याचं पोतं दोन्ही काट्यांवर ठेवून पाहिलं. पन्नास किलोला ऐंशी ग्रॅमचा फरक. नवा काटा कमी दाखवत होता.

ही तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कागद मी घडी करून पुस्तकात ठेवला. रोज सकाळी ती काट्यावर उभी राहायची, रोज मी आकडा वाचायचे, आणि रोज वाटायचं की आज सांगू. मग आई तिची वेणी विंचरायला बसायची.

ती दुसऱ्या कुठल्या काट्यावर चढेल ही शक्यता नव्हती. प्वेब्लाला एकदा वजनाच्या दिवशी सकाळी तिने परक्या काट्यावर वजन केलं होतं आणि हरली होती. तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. घरचा काटा, नाहीतर थेट लढतीचा.

त्या सकाळी लाल आकडे थांबले. पन्नास किलो सातशे वीस.

"ऐंशी कमी!" कासिल्दा ओरडली. दोन दिवस पाणी न प्यायल्याने तिचे ओठ फुटले होते. "डॉन चानो, ऐंशी ग्रॅम पाणी पिऊ शकते मी!"

"थुंकी गीळ आणि गप बस," डॉन चानो म्हणाले. पण हसत होते. "दे गं हिला ब्रीहिदा. नाहीतर जग खाईल."

"ताई, मोजून दे हं. थेंब कमी नको."

मी मोजून ऐंशी मिलिलिटर पाणी पेल्यात ओतलं आणि तिच्या हातात दिलं. तिने डोळे मिटून ते चार घोटांत प्यायलं. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वजनाच्या सभागृहात काटा एक वाजता बंद होणार होता. विजेती शेवटी चढते, हा इथला रिवाज, म्हणून आम्ही पावणेएकला पोचलो. त्लाक्सकालाची रोसाउरा, जी दुसऱ्या दिवशी कासिल्दाशी लढणार होती, तिचं वजन होऊन ती केळं खात बसली होती. आई आणि मी टॉवेल धरले, कासिल्दाने त्यामागे अंगावरचं सगळं उतरवलं आणि ती चढली. तिथला काटा दांडीचा होता.

"पन्नास किलो, आठशे साठ," अधिकारी म्हणाला. "साठ जास्त."

"राणीसाहेब, सकाळी मक्याचे तमाल किती खाल्ले?" रोसाउराचा भाऊ ओरडला. "पट्टा इथेच सोडून जा, आम्ही पिशवी आणलीय!"

"तुझ्या तोंडात बसेल एवढी आहे का ती पिशवी?" डॉन चानो म्हणाले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वजन बसलं नाही तर पट्टा काट्यावरच जातो.

तिने दोरीवर उड्या मारल्या, पेल्यात थुंकली. सहा मिनिटांनी पुन्हा चढली. पन्नास आठशे चाळीस. चार मिनिटं उरली होती. अंगात घाम नव्हताच. ती टॉवेलमागे खाली बसली आणि वेणी पुढे घेऊन बघत राहिली.

"नाही," आई म्हणाली. "वेणीला हात लावायचा नाही. पट्टा गेला तर जाऊ दे."

आईच्या हातातला टॉवेल खाली घसरला होता. माझी वेणी गेली त्या दिवशी तिने पळीसुद्धा खाली ठेवली नव्हती. मला हेच आठवलं, त्या क्षणीही हेच.

"आई, बारा वर्षांची होते तेव्हापासून मी मार खातेय या पट्ट्यासाठी," कासिल्दा म्हणाली. "पण घरी बरोबर होतं गं. बरोबर आठशे होतं! ताई, तूच सांग ना."

"घरचा काटा चुकतो," मी म्हणाले. "ऐंशी ग्रॅम कमी दाखवतो."

"आत्ता कळलं तुला?"

"तीन आठवडे झाले."

डॉन चानोंनी एक शिवी दिली आणि तोंड फिरवलं. कासिल्दा माझ्याकडे बघत होती.

"सकाळी पाणी दिलंस, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"का?"

आई माझ्या डोक्याकडे, माझ्या आखूड केसांकडे बघत होती. माझी वेणी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"दोन मिनिटं," अधिकारी म्हणाला.

कासिल्दाने डॉन चानोंच्या पेटीतली हाताला गुंडाळायच्या पट्ट्या कापायची कात्री उचलून माझ्यापुढे धरली. "काप. तुला मोजता येतं ना? जेवढं लागेल तेवढंच काप. एक केस जास्त नको."

मी तिच्या मागे बसले. टोकाकडे वेणी पातळ होती, सेंटीमीटरला साधारण एक पूर्णांक सहा ग्रॅम. चाळीस ग्रॅमला पंचवीस सेंटीमीटर. उरणार सत्तेचाळीस. मी वितीने मापलं, वरच्या बाजूला दोरा बांधला. आईने टॉवेल एका हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने वेणीचं टोक धरलं. वीण घट्ट होती, कात्री बोथट. तीनदा दाबावी लागली. तुकडा आईच्या हातात राहिला.

कासिल्दा उठली आणि चढली. अधिकाऱ्याने सरकतं वजन हलवलं, एक खाच मागे घेतलं, दांडी स्थिर होईपर्यंत थांबला.

"पन्नास किलो, आठशे ग्रॅम."